शेवटच्या नळापासून सुरुवात करा: गावाचं पाणी गावाच्या ताब्यात ठेवण्याची पद्धत

खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची मिळून उपयुक्त साठवण २९.१५ टीएमसी (अब्ज घनफूट). धरणं भरल्याची बातमी आली की पुणेकर निर्धास्त होतात. पण त्याच धरणांच्या वरच्या अंगाला असलेल्या वाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातो, उपनगरातल्या सोसायट्या वर्षभर टँकरची बिलं भरतात आणि पुरंदरच्या पठारावर उन्हाळा तापायच्या आत विहिरी तळ गाठतात. या तिन्ही ठिकाणचं दुखणं एकच आहे. पाणी कधी सोडायचं, किती सोडायचं आणि आधी कुणाला द्यायचं, हे ठरवताना ज्यांच्या घरात ते येतं त्यांना कुणी विचारत नाही.

हे बदलता येतं. त्यासाठी लागणारे कायदे आहेत, समित्यांची तरतूद आहे, निधीही आहे. कमी पडते ती रोजची नोंद आणि ती नोंद घेऊन ग्रामसभेत उभं राहणारी माणसं. पुढच्या पायऱ्या मुख्यतः ग्रामपंचायतीच्या गावासाठी लिहिल्या आहेत. कालव्यावरचे शेतकरी आणि महापालिकेत गेलेली गावं यांच्यासाठी शेवटी वेगळं लिहिलं आहे. कसोटी मात्र सगळीकडे एकच लावा: लाइनीवरच्या शेवटच्या नळाला आणि चारीवरच्या (कालव्याच्या लहान फाट्यावरच्या) शेवटच्या शेताला काय मिळतं?

पहिली पायरी: कोणतं पाणी कुणाच्या ताब्यात आहे ते लिहून काढा

गावातल्या प्रत्येक पाणवठ्याची यादी करा: सार्वजनिक विहीर, हातपंप, बोअर, पाझर तलाव, कोल्हापुरी बंधारा, ओढा, नळयोजनेची टाकी. प्रत्येकापुढे मालक कोण, दुरुस्ती कुणाकडे आणि चावी कुणाकडे असे तीन रकाने आखा. पहिला आणि तिसरा रकाना बऱ्याचदा जुळत नाही. विहीर पंचायतीची असते, पण मोटारीचा स्टार्टर कुणाच्या तरी गोठ्यात बसवलेला असतो.

तलावांच्या बाबतीत सिंचनक्षमतेवरून खातं कळतं. १०० हेक्टरपर्यंतचे तलाव साधारणपणे जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे, त्यावरचे ६०० हेक्टरपर्यंतचे मृद व जलसंधारण विभागाकडे आणि त्याहून मोठे प्रकल्प जलसंपदा विभागाकडे असतात. अर्ज चुकीच्या दारात गेला की वर्ष वाया जातं, म्हणून हे आधी नक्की करून घ्या.

दुसरी पायरी: मोजा, आणि शेवटच्या घरापासून मोजा

इथे घाई करू नका. बाकी सगळ्या पायऱ्या या मोजणीवर उभ्या राहतात.

नळाची मोजणी सोपी आहे. वीस लिटरची बादली घ्या, मोबाइलवर वेळ लावा आणि टाकीजवळचं पहिलं घर, मधलं एखादं घर आणि लाइनीवरचं शेवटचं घर अशा तीन ठिकाणी बादली भरायला किती वेळ लागतो ते लिहा. समजा, पहिल्या घरी बादली पन्नास सेकंदांत भरली आणि शेवटच्या घरी चार मिनिटं लागली. म्हणजे पहिल्या घरी मिनिटाला २४ लिटर येतात, शेवटच्या घरी ५. पाणी पाऊण तास सुटत असेल, तर एका घरी १,०८० लिटर पोचतं आणि दुसऱ्या घरी २२५. पाच माणसांच्या घरात २२५ लिटर म्हणजे माणशी ४५ लिटर. घरोघरी नळ देणाऱ्या जलजीवन मिशनचं ठरलेलं प्रमाण माणशी रोज ५५ लिटर आहे. योजना कागदावर पूर्ण झालेली असते आणि टेलच्या, म्हणजे लाइनीच्या टोकाच्या, घराला तरीही कमी पडतं, ते असं.

ही मोजणी आठवडाभर रोज करा. कोणत्या दिवशी वीज नव्हती, कुणी नळाला थेट मोटार लावली होती, वॉलमन (व्हॉल्व्ह उघडणारा कर्मचारी) किती वाजता आला, हेही त्याच वहीत लिहा. वही शक्यतो शेवटच्या गल्लीतल्या बाईकडे असावी. पाणी भरायला उभी तीच असते, तिच्याइतकी अचूक नोंद दुसरं कुणी ठेवू शकत नाही.

विहिरीसाठी टेप किंवा दर मीटरला गाठ मारलेला दोर पुरतो. काठावर रंगाने एक खूण करा आणि कायम तिथूनच मोजा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी चारदा घेते. तुम्हीही त्याच महिन्यांत मोजलंत, तर आकडे शेजारी शेजारी ठेवून बघता येतील.

मे महिन्यात आणखी एक चाचणी घ्या. विहीर उपसा, मोटार बंद करा आणि पाणी परत किती वेळात चढतं ते बघा. सहा मीटर व्यासाच्या गोल विहिरीत एक मीटर उंची म्हणजे सुमारे २८,३०० लिटर. चार तासांत एक मीटर चढलं, तर आवक तासाला सात हजार लिटर. पाणी चढत जाईल तशी आवक मंदावते, म्हणून दिवसाचा हिशेब जरा हात आखडूनच धरा. दीड हजार वस्तीच्या गावाला ५५ लिटरप्रमाणे दिवसाला ८२,५०० लिटर लागतात. मेमधली आवक एवढी भरत असेल, तर टंचाईचं कारण विहिरीत नाही, पाइपात आणि वाटपात आहे. मग नवी विहीर खोदण्याचा प्रस्ताव आला, तर ग्रामसभेत हा आकडा ठेवा.

तिसरी पायरी: समिती खरी करा

बहुतेक गावांत ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती कागदोपत्री असते. सदस्यांची नावं विचारली तर सदस्यांनाच माहीत नसतात. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) समितीच्या स्थापनेचा ठराव, सदस्यांची यादी आणि गेल्या वर्षीची इतिवृत्तं मागून घ्या. समितीत किमान निम्म्या महिला असायला हव्यात. माझा आग्रह असा की त्यातल्या दोन जागा लाइनीच्या टोकाच्या वस्तीला द्याव्यात आणि त्यात मागासवर्गीय वस्ती असावीच. जुन्या योजनांत पाइप तिथे सगळ्यात शेवटी पोचला आहे.

समिती बदलायची किंवा नव्याने नेमायची, तर ते ग्रामसभेतच होतं. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ग्रामसभेच्या ठरलेल्या तारखा. विषयपत्रिकेत पाण्याचा विषय यावा म्हणून निदान पंधरा दिवस आधी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ऐन वेळच्या विषयात पाणी घालायला तयार होऊ नका, तिथे चर्चा होते आणि ठराव राहून जातो. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची तरतूद आहे. तिचा पूर्ण वापर करा, ठरावाचा मसुदा तिथेच पक्का करा आणि मग मुख्य सभेत मांडा.

ठराव मोघम नको. ‘पाणीपुरवठा सुरळीत करावा’ या वाक्याने काही होत नाही. ‘व्हॉल्व्ह उघडण्या-बंद करण्याच्या वेळा टाकीजवळच्या फलकावर लिहाव्यात, शेवटच्या नळाची नोंद दर महिन्याला समितीपुढे ठेवावी, पाणीपुरवठ्याचा जमाखर्च दर तिमाहीला चावडीवर लावावा’ असं लिहा. सभा संपायच्या आत इतिवृत्तात ठराव जसाच्या तसा उतरला का, ते वाचून घ्या.

चौथी पायरी: पाण्याचा ताळेबंद

पावसाळा संपला की ऑक्टोबरमध्ये हे काम हाती घ्या. हिशेब अवघड नाही. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर, म्हणजे दहा घनमीटर पाणी पडतं. हजार हेक्टरच्या शिवारात ५०० मिलिमीटर पाऊस झाला, तर ५० लाख घनमीटर. ऐकायला हे प्रचंड वाटतं, पण बरंचसं वाहून जातं आणि बाष्पीभवनात जातं. आपल्याकडच्या बेसाल्ट खडकात मुरणारं पाणी ढोबळमानाने दहा टक्के धरा. उरले पाच लाख घनमीटर. तलाव-बंधाऱ्यात साठलं असेल ते वेगळं मांडा.

आता खर्च. दोन हजार माणसांना ५५ लिटरप्रमाणे वर्षाला सुमारे ४० हजार घनमीटर. हजार जनावरांना रोज ५० लिटर धरले, तर आणखी १८ हजार. म्हणजे माणसं आणि जनावरं मिळून साठ हजारांच्या आत भागतात. याच गावात २५ हेक्टर ऊस पाटपाण्यावर असेल आणि हेक्टरी २० हजार घनमीटर लागत असतील, तर एकटा ऊसच पाच लाख घनमीटर पितो, म्हणजे जमिनीत मुरलेलं सगळं पाणी. साठ हजार घनमीटर बाजूला काढून उरलेल्या पाण्यावर रब्बी ज्वारी घेतली आणि हेक्टरी अडीच हजार लागले, तर पावणेदोनशे हेक्टर भिजतात. हा हिशेब फलकावर मोठ्या अक्षरांत लिहा. कुणाच्या पिकावर बोट न ठेवता आकडेच बोलू द्या. एरवी ऊस लावणारा आणि न लावणारा अशी भांडणं लागतात आणि पाण्याचा विषय तिथेच बुडतो.

शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार हे असं ताळेबंदावर पीक ठरवणारं गाव. पाऊस कमी झाला त्या वर्षी कोणती पिकं घ्यायची, हे तिथे ग्रामसभा ठरवते आणि शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे. पण इतकं लांब जायची गरज नाही, आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण त्याहून जुनं आहे.

पाचवी पायरी: वाटपाचे नियम, पाणी पंचायतीकडून शिकून

१९७२ च्या दुष्काळात पुण्यातले अभियंते-उद्योजक विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात गेले आणि नायगावला त्यांनी कामाला सुरुवात केली. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम आजही आधाराला घ्यावेत असे आहेत. पाणी जमिनीच्या प्रमाणात द्यायचं नाही, घरातल्या माणसांच्या प्रमाणात द्यायचं: माणशी अर्धा एकर, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनाचाही पाण्यावर हक्क. उसासारख्या पिकाला पाणी नाही. योजनेच्या खर्चात लाभार्थ्यांचा वाटा, आणि पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नसल्याने जमीन विकली तरी पाणी विकलं जात नाही.

यातला भूमिहीनाचा हक्क मला सगळ्यात मोलाचा वाटतो. गावाच्या पाण्याची समिती म्हणजे बागायतदारांची समिती, असं चित्र अनेक ठिकाणी दिसतं. ज्याला शेत नाही, त्यालाही गावाच्या तलावात वाटा आहे, हे पुरंदरच्या लोकांनी पन्नास वर्षांपूर्वी मान्य केलं होतं.

तुमच्या गावासाठी नियम लिहिताना निदान एवढं ठरवा. पिण्याचं पाणी पहिलं, मग जनावरं, मग शेती. तलावात ठरावीक पातळीची खूण करा आणि पाणी त्या खुणेखाली गेलं की शेतीच्या मोटारी बंद. नळयोजनेवर थेट मोटार लावणाऱ्याला पहिल्यांदा समज, दुसऱ्यांदा दंड, तिसऱ्यांदा जोडणी बंद. पाणी सोडताना टेलच्या भागाचा व्हॉल्व्ह आधी उघडायचा. दंडाची रक्कम गावाने ठरवावी, पण ती सगळ्यांना सारखी हवी. सरपंचांच्या भावकीला सूट मिळाली की दुसऱ्या दिवसापासून नियम मोडीत निघतो.

बोअरच्या बाबतीत कायदा तुमच्या बाजूने आहे. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम २००९ सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर निर्बंध घालतो. शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल जाण्यालाही त्यात मनाई आहे. गावाच्या विहिरीभोवती ५०० मीटरचं वर्तुळ काढून त्यात येणारे गट क्रमांक फलकावर लावा. बोअरची गाडी शिवारात शिरली की तक्रार त्याच दिवशी लेखी द्या. भोक पडल्यावर कागद फिरत राहतो आणि पाणी उपसलं जातं.

सहावी पायरी: पैसे

हे थोडक्यात. नळयोजना बंद पडण्याचं मोठं कारण वीजबिल आहे. वर्षाचं वीजबिल, वॉलमनचं मानधन, टीसीएल (पाणी शुद्ध करण्याची क्लोरीनची) पावडर आणि दुरुस्तीसाठी थोडी शिल्लक एवढं जोडा, जोडण्यांच्या संख्येने भागा, पाणीपट्टी आपोआप निघते. ग्रामसभेत आकडा आधी सांगायचा नाही, हिशेब आधी वाचायचा. पाणीपुरवठ्याचं खातं वेगळं असावं आणि पासबुकाची पानं चावडीवर लागावीत. १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायतींच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला होता. तो कुठे खर्च झाला, हे विचारायचा प्रत्येक ग्रामस्थाला हक्क आहे.

सातवी पायरी: शुद्ध आहे का, ते स्वतः बघा

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, नांदोशी या भागात गुलेन बारी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचा उद्रेक झाला. रुग्णांमध्ये कॅम्पायलोबॅक्टर जीवाणू आढळला आणि दूषित पाण्याकडे बोट गेलं. त्यानंतर घरोघरी एकच प्रश्न होता: आपल्या नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे का? याचं उत्तर मिळायला काही मिनिटं पुरतात.

ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणीची बाटली किंवा क्लोरोस्कोप, म्हणजे क्लोरीन मोजायचा संच, ग्रामपंचायतीत असतो. नळाचं पाणी नळीत घ्या, ओटीचे थेंब टाका. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, रंग आलाच नाही तर नाही. रंग पट्टीशी जुळवून प्रमाण कळतं. नळाला निदान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर मोकळं क्लोरीन असायला हवं. चाचणी टाकीपाशी करून समाधान मानू नका, टाकीपाशी रंग नेहमीच चांगला येतो. शेवटच्या नळाला करा. टाकीला पिवळा आणि टोकाला पांढरं असेल, तर मध्ये कुठेतरी गळती आहे आणि गटाराचं पाणी पाइपात शिरत असण्याची शक्यता आहे.

टीसीएलचं प्रमाण साधारण हजार लिटरला पाच ग्रॅम. ५० हजार लिटरच्या टाकीला पाव किलो. पावडर बादलीत कालवा, गाळ खाली बसू द्या आणि वरची निवळी टाकीत ओता. त्यानंतर निदान अर्धा तास पाणी सोडू नका. उघड्या पोत्यातली, ओल लागलेली पावडर निकामी होते. तिच्यात क्लोरीन २० टक्क्यांच्या खाली गेलं असेल, तर वापरू नका. जंतू आहेत का हे बघायला एच-टू-एसची बाटली घ्या. पाणी भरून ठेवल्यावर एक-दोन दिवसांत काळं पडलं, तर ते पिण्याजोगं नाही. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना चाचणी किटचं प्रशिक्षण द्यायचं आहे. त्या पाच जणी तुमच्या गावात कोण, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विचारा. नावं नसतील, तर पुढच्या ग्रामसभेत निवडा.

पावसाळ्यापूर्वी आणि नंतर स्रोतांची स्वच्छता पाहणी होते आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. कार्ड कार्यालयाच्या कपाटात न ठेवता दर्शनी भागात लावायला सांगा.

कालव्यावरच्या गावांसाठी

खडकवासल्याच्या कालव्याचं पाणी हवेली, दौंड आणि इंदापूरच्या शेतापर्यंत जातं. शहराची गरज वाढली की आवर्तनावर (कालव्यात पाणी सोडण्याच्या पाळीवर) गदा येते, हे तिथल्या शेतकऱ्यांना सांगायला नको. एकेकट्याने नमुना ७ चा मागणी अर्ज भरून हा तिढा सुटत नाही. महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम २००५ नुसार पाणी वापर संस्था स्थापन करता येते. संस्थेला पाणी घनमापनाने मोजून मिळतं, पिकाचं स्वातंत्र्य असतं आणि पट्टी संस्थाच गोळा करते. हस्तांतरणाआधी विभागाबरोबर संयुक्त पाहणी होते. तिथे प्रत्येक फुटलेली चारी, तुटलेलं गेट आणि गाळाने भरलेला भाग फोटोसह यादीत घाला. दुरुस्ती होण्याआधी ताबा घेऊ नका. मोडकी चारी घेतलेली संस्था पहिल्या हंगामातच भांडणात अडकते. संस्थेचं अध्यक्षपद पहिल्यांदा टेलच्या शेतकऱ्याला द्यावं, असा माझा सल्ला आहे. हेडचा (कालव्याच्या सुरुवातीचा) अध्यक्ष टेलला पाणी पोचलं की नाही हे बघायला स्वतः जाईल, याची खात्री देता येत नाही.

कालवा सल्लागार समितीची बैठक रब्बी आणि उन्हाळी हंगामाआधी होते. संस्थेचं निवेदन बैठकीआधी पालकमंत्री, आमदार आणि कार्यकारी अभियंत्यांकडे पोचलं पाहिजे, आणि त्यात किती क्षेत्र, किती दिवसांची पाळी, टेलला मागच्या वेळी किती दिवस पाणी आलं, हे आकडे हवेत. मुंढव्याच्या जॅकवेलमधून (पाणी उपसण्याच्या विहिरीतून) ६.५ टीएमसी प्रक्रिया केलेलं पाणी जुन्या बेबी कालव्यात सोडण्याचं ठरलेलं आहे. त्यातलं प्रत्यक्षात किती आलं आणि कसल्या दर्जाचं आलं, याच्या दैनंदिन नोंदीही मागा.

महापालिकेत गेलेली गावं

२०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली. ग्रामसभा गेली, नळ मात्र बऱ्याच ठिकाणी तसाच राहिला. इथे माहितीचा अधिकार हे मुख्य हत्यार. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज द्या आणि नेमकं मागा: तुमच्या टाकीच्या गेल्या तीन महिन्यांच्या लॉगबुकची प्रत, व्हॉल्व्ह उघडण्याच्या वेळा, क्लोरीन तपासणीची नोंदवही, तुमच्या भागातल्या टँकर फेऱ्यांची नोंद. सोसायटी नवी असेल, तर बांधकाम परवानगीच्या वेळी विकसकाने पाण्याबद्दल दिलेल्या हमीपत्राची प्रतही मागा. टँकरचा खर्च कुणी भरायचा, याचं उत्तर अनेकदा त्या कागदात असतं.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करा. याच कायद्यात साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क आहे, म्हणून पाण्याचा नमुना मागता येतो. फार कमी लोक तो वापरतात. शिवाय सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत कार्यालयात जाऊन फायली बघण्याची सोय होती. ती चालू असेल, तर अर्जाआधी तिथे जाऊन या, कोणती नोंदवही मागायची हे कळलं की अर्ज अचूक होतो.

समान पाणीपुरवठा योजनेत शहराचे १४१ विभाग पाडले आहेत. तुमच्या विभागात किती पाणी शिरलं आणि किती घरांच्या मीटरवर ते मोजलं गेलं, हे दोन आकडे प्रत्येक महिन्याला मागत राहा. एकट्या सोसायटीने नको, एका लाइनीवरच्या सगळ्या सोसायट्या, चाळी आणि वस्ती मिळून मागा. वस्तीला वगळून केलेली मागणी सोसायट्यांना थोडे दिवस पाणी मिळवून देईल. पण टोकाला पाणी पोचत नसेल, तर चढावरच्या सोसायटीचीही पाळी पुढच्या उन्हाळ्यात येते. म्हणून अर्जावर पहिली सही लाइनीच्या टोकाच्या वस्तीतल्या प्रतिनिधीची घ्या आणि बादली-घड्याळाची मोजणी अर्जाला जोडा.